मोठ्या मायच्या वर्षश्राद्धाची गाणी: पोळा ते कार्तिक, प्रकल्प नोंदी

२८ ऑगस्ट २०२४

काम काय ते आधी लिहून ठेवतो, पुढे फाटे फुटणारच आहेत. मोठ्या मायचं वर्षश्राद्ध तिथीने २७ नोव्हेंबरला येते. तिची नात पुण्याला असते, तिचा काल फोन आला, दादा तुझ्याकडे साउंड आहे तर तूच एक पेनड्राइव्ह बनवून दे, सकाळपासून पंगती उठेपर्यंत पुरेल असा, फक्त तेरवीला, म्हणजे तेराव्या दिवशी, जे वाजलं होतं ते नको. मी लगेच हो म्हटलं कारण तेव्हा ते मलाही खटकलं होतं.

तेरवीला आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात काय वाजते ते साउंडवाल्यांना सांगायची गरज नाही. एक फोल्डर आहे, कोणी बनवलं देव जाणे, या पेनड्राइव्हमधून त्या पेनड्राइव्हमध्ये फिरत असते, आधी बासरी मग एक रडवेला आवाज मग दोन फिल्मी गाणी मग परत बासरी. गेलेला माणूस पैलवान असो, मास्तर असो की जन्मभर निंदण-खुरपण केलेली बाई असो, फोल्डर तेच. मोठी माय तर गाणारी बाई होती. पहाटे जात्यावर ओवी, भादव्यात पोरींच्या भुलाबाईत सगळ्यात पुढे, संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला रोज हजर, आणि बाकी दिवसभर घरात रेडिओ. अशा बाईच्या तेरवीत तिच्या तोंडचं एक अक्षर वाजलं नाही.

तर ठरवलं असं की तिचं वर्ष ज्या सणांनी चालायचं त्या सणांच्या याद्या पण सोबत करायच्या, पोळा, भुलाबाई, तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, जसा सण येईल तसं गोळा करत जायचं आणि शेवटी त्यातूनच तिची यादी काढायची. वस्तीतल्या मित्राने ६ डिसेंबरची, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाची, यादी पण मागून ठेवली आहे, ती पण यातच धरतो.

१ सप्टेंबर

उद्या पोळा. आज खांदशेकणी, घरोघरी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" चालू आहे आणि मी आखरावर, म्हणजे पोळा भरतो त्या मोकळ्या जागेवर, बॉक्स कुठे लावायचे ते पाहून आलो. आभाळ भरून आहे, मशीनवर ताडपत्री लागणारच.

पोळ्याच्या यादीत गाण्यांचा प्रश्न नाही, सनई, डफडं, बैलांवरची पाच-सात गाणी, सगळ्या साउंडवाल्यांकडे असतात. प्रश्न झडत्यांचा आहे, म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणायच्या यमकातल्या ओळींचा. आता लोक मोबाइलवर उतरवलेल्या झडत्या लावतात, म्हणणारा कुठल्या जिल्ह्यातला कोण ते कोणाला माहीत नसते, आणि तोरणाखाली उभे असलेले लोक तोवर मोबाइल पाहत उभे राहतात. झडती कशी असते, एकाने "एक नमन गौरा पार्वती" म्हणून उचलायची, शेवटी सगळ्यांनी "हर बोला हर हर महादेव" म्हणून ती बंद करायची, की लगेच समोरच्या बाजूच्याने तिच्यावर चढ झडती टाकायची. मशीनने म्हटलेल्या झडतीला उत्तर कोण देणार आणि कायले देणार?

संध्याकाळी जाणत्या लोकांशी बोललो की जोड्या तोरणाखाली लागल्या की मी साउंड बंद करतो, माइक मधोमध उभा करतो, ज्याला म्हणायची त्याने म्हणावी. एक काका म्हणाले, "अन् कोणीच नाही म्हटली तं?" मी म्हटलं नाही तर नाही, बैलांच्या घुंगरांचा आवाज आहे ना.

म्हणून पोळ्याची यादी दोन तुकड्यांत केली. एक तुकडा जोड्या आखरावर येईपर्यंत, दुसरा तोरण तुटल्यावर. मधात काहीच नाही.

३ सप्टेंबर

काल ते जमलं. सुरुवातीला कोणी पुढे येईना, मग एक म्हातारे बाबा काठी टेकत आले, माइक धरला, महादेव-पार्वतीची जुनी झडती अशी खणखणीत म्हटली की त्यानंतर माइक कोणी सोडायला तयार नाही. दहावीतल्या एका पोट्ट्याने सोयाबीनवर स्वतः रचून आणली होती, यंदाचा हमीभाव ४८९२ आणि काट्यावर हातात काय पडते ते सगळं यमकात, आखर दणाणून गेला. रेकॉर्डर माइकच्या स्टँडलाच चिकटपट्टीने बांधला होता, त्यामुळे सगळं आलं, ताडपत्रीवर पडणारं पाणी पण आलं आणि ते मी काढणार नाही.

या झडत्यांचं वेगळं फोल्डर केलं आणि फोल्डरच्या नावातच लिहून टाकलं, ऐकण्यासाठी, आखरावर लावू नये. आज तान्हा पोळा, लाकडी नंदी घेऊन पोरं फिरून राहिली आहेत, त्यांना एक बॉक्स आणि बडबडगीतं देऊन दिली, बोजारा, म्हणजे घरोघरची भेट, गोळा करायच्या नादात त्यांना गाण्यांशी काही घेणंदेणं नाही.

पोळ्यातून मोठ्या मायच्या यादीसाठी एक गोष्ट घेतली. यादीत कुठे थांबायचं हे आधी ठरवायचं आणि गाणी नंतर भरायची.

९ सप्टेंबर

मोठ्या मायच्या सूनबाईंनी, म्हणजे काकूंनी, माळ्यावरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून दिला, आत कॅसेट. बहुतेक बाजारातल्या भजनाच्या आहेत, त्या कुठेही भेटतात. खरा माल म्हणजे तीन-चार घरी भरलेल्या, वरच्या कागदावर बॉलपेनने "लग्न", "भजन मंगळवार", एकावर नुसतंच "आई".

कॅसेट उतरवायचं काम मी जिल्ह्याच्या गावच्या एका जुन्या टेप दुरुस्त करणाऱ्या मामांकडून शिकलो, कोणाच्या घरी असे डबे असतील तर कामी येईल म्हणून सविस्तर लिहितो. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट डेकमध्ये टाकून सरळ प्ले दाबायचं नाही. आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यायची म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. सी-६० असेल तर एका बाजूला अर्धा तास, सी-९० असेल तर पाऊण तास, पण ९० ची फीत पातळ असते म्हणून तिला जास्त जपावं लागते. फितीच्या मागे पितळी पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो हेडला फीत दाबून धरतो, जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद वाळून तो पडून जातो आणि मग आवाज गुदमरल्यासारखा येतो. "आई" लिहिलेल्या कॅसेटचा तोच पडला होता. स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडून तिच्या खोक्यात हिची फीत बसवली. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, कापसावर तपकिरी यायचं बंद होईपर्यंत पुसायचं.

मग हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला बारका स्क्रू. ज्या टेपवर भरलं त्याचं हेड आणि आपल्या डेकचं हेड सारख्या कोनात नसते, त्यामुळे टाळ-मंजिरीचा वरचा आवाज मेलेला येतो. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू केसभर इकडेतिकडे फिरवायचा, एका ठिकाणी टाळ एकदम उघडते, तिथेच सोडायचं. स्पीडसाठी बाजारातली एक कॅसेट लावून तेच गाणं मोबाइलवर सोबत लावलं, शेवटापर्यंत दोन्ही बरोबर चालले म्हणजे बेल्ट ठीक आहे.

डेकमधून लॅपटॉपमध्ये ऑडॅसिटी या आवाज उतरवायच्या प्रोग्रामवर घेतलं, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. स्टीरिओत मिनिटाला १० एमबी जातात पण मूळ प्रत अशीच ठेवायची, एमपीथ्री नंतर करायची.

१४ सप्टेंबर

"आई" वाली कॅसेट रिकामी निघाली, म्हणजे सुरुवातीला कोणीतरी "बोल ना आई" म्हणते, मग हसण्याचा आवाज, मग बटण दाबलेलं, पुढे दोन्ही बाजू नुसती फितीची सरसर. ते हसणं तिचंच आहे. वेगळी फाइल करून ठेवली.

"लग्न" मध्ये मात्र खजिना आहे. थोरल्या मुलीच्या हळदीचा दिवस, कोणीतरी टेप ओसरीवर ठेवून विसरून गेलं असावं, बाया हळद लावून राहिल्या आणि गाणी म्हणून राहिल्या, भांडे पडते, लेकरू रडते, कोणीतरी ओरडते पाणी आणा. बायांच्या घोळक्यात मोठ्या मायचा आवाज मला दुसऱ्या ओळीतच ओळखू आला, कारण बाकीच्या बाया ओळीच्या शेवटी सूर खाली सोडतात आणि ती तिथे वरच धरून ठेवायची. काकूंना हेडफोनवर ऐकवलं, त्या पूर्ण हळद होईपर्यंत हलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "थे पाणी आणा म्हणणारी मीच होय."

सरसर कमी करायला ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन आहे, नुसत्या सरसरीचा तुकडा दाखवायचा आणि तेवढीच वजा करायला सांगायची. माझं ठाम मत आहे की सहा डेसिबलच्या वर जायचं नाही. जास्त ओढलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो, आणि माणसाचा आवाज हीच तर वस्तू आहे, ती खराब करून स्वच्छता काय करायची. भांडं, लेकरू, पाणी आणा, सगळं राहू दिलं.

१९ सप्टेंबर

पौर्णिमेला भुलाबाई बसली. आमच्या गल्लीत आता दोनच घरी बसते, भुलोजी, भुलाबाई आणि मांडीवर गणेश, कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी गाणी म्हणतात आणि डबा हलवून खाऊ ओळखतात. पोरींना चार गाणी येतात, पाचव्याला मोबाइल लावतात.

म्हणून मोठ्या मायच्या जोडीच्या दोन आज्यांकडे गेलो. "मायबाई, माह्या गळ्यात आता काय रायलं बाप्पा," म्हणाल्या, चहा झाला, कापसावरच्या फवारणीचं बोलणं झालं, तरी गाण्याचं नाव नाही. शेवटी मी साधी गोष्ट केली, कारल्याचं गाणं मी म्हणायला लागलो आणि दुसऱ्याच कडव्यात जाणूनबुजून थांबलो. सून माहेरी जायचं विचारते आणि सासू आधी कारल्याचं बी पेर म्हणते, मग वेल वाढू दे, मग कारलं लागू दे, असं लांबवत जाते ना, त्यातला वेल आला आणि मी थांबलो तर दोघी एकदमच सुरू झाल्या आणि दोघींचं वेगळं निघालं. एकीचं माहेर वर्धा नदीच्या पलीकडचं, तिच्या गाण्यात सासरा, दीर, नणंद सगळ्यांना विचारून मग जायला भेटते, दुसरीच्यात सासूच शेवटी हो म्हणते. दोघींची तिथेच जुंपली की खरं कोणतं. मी दोन्ही घेतली. फाइलच्या नावात गाणारीचं माहेर लिहिलं कारण या गाण्यांचं गाव म्हणजे बाईचं माहेर असते, सासर नाही.

रेकॉर्डिंगचं एवढंच, पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइल वापरला तर विमान मोडवर, आणि गाणाऱ्याच्या तोंडासमोर न धरता बाजूला उशीवर ठेवायचा, समोर धरला की म्हाताऱ्या बाया भाषण दिल्यासारख्या होतात. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, ऑडिओ म्हणून पाठवलं की दाबून बारीक होते.

२ ऑक्टोबर

ओव्यांचं काम अडून बसलं होतं. आज्यांना ओव्या म्हणा म्हटलं की दोन ओळी होतात आणि आठवत नाही म्हणतात. आज काकूंच्या सपरीत, म्हणजे पडवीत, कोपऱ्यात उलटं पडलेलं जातं धुऊन काढलं, खुंटा नवीन ठोकला, मूठभर ज्वारी टाकली आणि दोघींना समोरासमोर बसवलं. जातं फिरलं आणि ओव्या यायला लागल्या, थांबेचना. भावाची ओवी, पंढरीची ओवी, कौंडण्यपूरची ओवी, कारण रुक्मिणीचं माहेर आमच्याच तालुक्यात वर्धेच्या काठी आहे आणि तिला इकडच्या बाया लेकीसारखं धरतात. हात थांबला की ओवी थांबते हे मी डोळ्यांनी पाहिलं. मधात एकदा पीठ काढायला थांबल्या तर परत तेच, आता काय म्हणू बाप्पा.

ओव्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात फार मोठं काम झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायांसोबत एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि आता परी या संकेतस्थळावर त्या गाणारीचं नाव-गाव-फोटोसकट ऐकायला भेटतात. मला त्यातलं सगळ्यात जास्त पटलं ते हे की ओवी कोणाची ते लिहिलेलं आहे, लोकगीत म्हणून बेवारस सोडलेली नाही. माझ्या फोल्डरमध्ये पण तसंच करतो. दोघी आज्यांना विचारून नावं टाकली, आणि मोठ्या मायच्या म्हणून ज्या ओव्या त्यांनी म्हटल्या त्यांच्यापुढे तिचं नाव.

१३ ऑक्टोबर

वस्तीतला मित्र काल दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आज परत आला, येताना पुस्तकं आणि दोन सीडी घेऊन आला. ६ डिसेंबरची यादी त्याच्यासोबत बसून केली. तो म्हणाला १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला एकच पेनड्राइव्ह लावतात हे चूक आहे, जयंती म्हणजे आनंद, ६ डिसेंबर म्हणजे आपला माणूस गेला तो दिवस. अगदी खरं आहे. भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांची गाणी दोन्हीत येतील पण कोणती कुठे ते त्याने निवडलं, मी मधात बोललो नाही. वामनदादा नाशिककडचे, २००४ मध्ये गेले, पण त्याच्या आजोबांना त्यांची अर्धी गाणी पाठ होती.

सुरुवात बुद्धवंदनेने आहे आणि ती यादीत नाही. त्रिशरण-पंचशील लोकांनीच म्हणायचं, त्यासाठी पहिली फाइल मी शांत ठेवणार होतो पण त्याने सांगितलं फाइलच नको, मशीनच वंदना झाल्यावर चालू कर. तसंच करणार.

२२ ऑक्टोबर

काल तुकडोजी महाराजांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीला होतो. महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला पण पुण्यतिथी तिथीने, आश्विन वद्य पंचमीला. दिंड्या, पालख्या, ग्रामगीतेचं वाचन, खंजिरी भजनं, हायवेवरच्या गाड्यांचे हॉर्न, सगळा कालवा, आणि संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, मौन. एवढा समुदाय एकदम थांबतो. मी साउंडचं काम करतो म्हणून कान तिकडेच असतात, सगळे भोंगे चालूच असतात पण त्यातून काही येत नाही, बारीक घूं फक्त. मग सामुदायिक प्रार्थना उठते.

मोठी माय दरवर्षी इथे यायची, शेवटची काही वर्षं ट्रॅक्टरमध्ये बसून. घरी ती ४:५८ ला हातातलं काम ठेवायची असं काकू सांगतात, पुण्यतिथीच्या दिवशीच नाही, एरवी पण कधी मनात आलं की. ग्रामगीतेचे ४१ अध्याय, ४६७५ ओव्या, त्यातले सण-उत्सवाचे आणि अंत्यसंस्काराचे अध्याय तिला तोंडपाठ होते आणि मयतीच्या घरी ती तेच वाचायची.

येताना आमच्या गावच्या भजन मंडळाला गाठलं आणि मंगळवारच्या भजनात रेकॉर्डिंग ठरवलं. खंजिरीचं लक्षात ठेवायचं, तिचा आवाज माइकला टोचतो, ती माइकपासून लांब आणि गाणारा जवळ.

४ नोव्हेंबर

दिवाळीला नात आली होती, सगळं घर बसवून यादी ऐकवली. भांडण झालंच, आणि बरं झालं. काका म्हणाले आईला फिल्मी गाणी पण आवडायची, ती का नाहीत, लोक काय म्हणतील हा विचार तुम्ही पण करता का. नात म्हणाली तेरवीवाली नको म्हटलं होतं, फिल्मी नको असं नाही. मग आठवलं तसं लिहून घेतलं, आकाशवाणी नागपूरवर सकाळी लागायची ती, भाकरी थापताना ती कोणत्या गाण्याला आवाज वाढवायची, कोणत्याला रेडिओ बंदच करायची. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं आणि मोठी माय लग्न होऊन आली तेव्हा गावात रेडिओ एकच होता, पाटलांच्या वाड्यात, घरचा रेडिओ काकांच्या पहिल्या पगारातून आला. म्हणून काकांना ती गाणी हवी आहेत. पहिले मला ते कळलं नव्हतं, आता त्यांची चार गाणी सकाळच्या भागात घातली.

सगळ्यात आधी आकाशवाणीची ती सुरुवातीची धून. ती वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराने १९३० च्या दशकात बांधली, युरोपातून हिटलरच्या काळात मुंबईला आलेला ज्यू माणूस, शिवरंजनीच्या सुरांवर. विदर्भातल्या एका सपरीत कित्येक वर्षं रोज पहाटे ती धून वाजली आणि त्यावर चूल पेटली. मोठ्या मायच्या दिवसाची सुरुवात तीच होती, तर यादीची पण तीच.

१६ नोव्हेंबर

निवडणुकीचा हंगाम, सगळे भोंगे आणि बॅटऱ्या प्रचाराच्या गाड्यांवर गेल्या आहेत, कापूस वेचणी पण जोरात, त्यामुळे मंडळाचं रेकॉर्डिंग रात्रीच झालं. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, पण रेकॉर्डिंगला कोणता आवाज बाहेर जातो. ढोलकी, टाळ, खंजिरी, पेटी, मस्त झालं. "हर देश में तू" हे महाराजांचं भजन मोठी माय ज्या चालीत म्हणायची त्याच चालीत घेतलं, जरा संथ.

आता तांत्रिक भाग. कॅसेट, मोबाइल, रेकॉर्डर, बाजारातली गाणी, सगळ्यांचा आवाज कमीजास्त, एक ऐकू येत नाही आणि पुढचं कानफाड. ऑडॅसिटीत लाउडनेस नॉर्मलायझेशनने सगळ्या फाइली उणे १६ एलयूएफएसवर (हे आवाज किती मोठा लागतो त्याचं माप) आणल्या. ओव्या मात्र दोनने खालीच ठेवल्या, ओवी दारातून आत येणाऱ्याला ऐकू यावी, रस्त्यावरच्याला नाही.

विजेच्या खांबावर भोंगा लावायचा नाही हे पण आज नक्की केलं. भोंग्यातून ३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काही बाहेर येत नाही, म्हणजे जात्याची घरघर पूर्ण गायब आणि खंजिरीच्या झांजा तेवढ्या टोचतात. सपरीत दोन बॉक्स, कमी आवाज. काकांना आधी भोंगाच हवा होता, गावाला कळलं पाहिजे म्हणून. जात्यावरची ओवी दोन्हीवर लावून दाखवली, मग काही बोलले नाहीत.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, बऱ्याच मशीन दुसरं वाचतच नाहीत. स्वस्त मशीन नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने फाइल कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात, म्हणून नावाआधी ००१, ००२ टाकले आणि एक-एक करून त्याच क्रमाने कॉपी केल्या. देवनागरी नावं काही मशीनच्या डिस्प्लेवर चौकोन दिसतात, दिसू दे, लॅपटॉपवर नावं दिसतात ना. १२८ केबीपीएसला मिनिटाला साधारण १ एमबी, जागेचा प्रश्नच नाही, तरी ओव्या ३२० वर ठेवल्या.

२४ नोव्हेंबर

काल निकाल लागला, आज भोंगे परत आले. सपरीत पूर्ण यादी लावून पाहिली आणि क्रम पक्का केला. पहाटे आकाशवाणीची धून, मग लगेच जात्यावरच्या ओव्या. स्वयंपाक चालू असताना काकांची रेडिओची गाणी. पूजा आणि पिंडदान चालू असताना काही नाही, भटजींचा आवाज आणि घरातली हालचाल. नंतर भुलाबाईची गाणी, दोन्ही कारली एकामागे एक, म्हणजे ज्यांना भांडायचं त्यांना भांडता येईल. पंगतीला मंडळाची भजनं. पंगती उठल्यावर "लग्न" कॅसेटमधली हळद, ती सगळ्यात शेवटी, आणि "आई" कॅसेटमधलं हसणं तिच्या आधी. नातीला वाटत होतं हसणं पहिलं लावावं. काकू म्हणाल्या सकाळी सकाळी ते ऐकलं तर हाताला काम सुचणार नाही. काकूंचं ऐकलं.

दोन गाण्यांच्या मधात आठ-दहा सेकंद मोकळे ठेवले. मोबाइलमधल्या अॅपसारखं एक गाणं दुसऱ्यात मिसळलं की कोणी मधात काही आठवण सांगायला तोंडच उघडत नाही.

२८ नोव्हेंबर

काल झालं. ओव्या सुरू झाल्या तेव्हा बाया पुऱ्या लाटून राहिल्या होत्या, एकीने नुसतं गुणगुणायला सुरू केलं आणि मग रेकॉर्डिंगमधल्या आजी समोरच बसलेल्या होत्या त्या स्वतःच्याच आवाजावर चढ ओवी म्हणायला लागल्या. मी आवाज कमी कमी करत बंद करून टाकला, तो पूर्ण तुकडा नंतर वाजलाच नाही, गरज पडली नाही. ज्यांच्या ओव्या फोल्डरमध्ये नव्हत्या अशा तीन बाया निघाल्या, एक तर मोर्शीकडून आलेली पाहुणी.

भजनं ठीक चालली, पंगतीत लोक बोलतातच. हळद लावली तेव्हा जिची हळद होती ती थोरली मुलगी दारात उभी होती, आता तिची मुलगी लग्नाची आहे. ती म्हणाली दादा हीच हळद माझ्या पोरीच्या हळदीला लावशील का. मी म्हटलं लावतो, पण दोन गाणी झाली की बंद करीन, पुढची तुम्ही म्हणायची. "मले कुठं येतात," म्हणाली. काकू मागून म्हणाल्या, "येतात, मी शिकवतो."

१ डिसेंबर

प्रती वाटल्या, नात, काका, दोघी आज्यांची घरं, आणि एक प्रत शाळेच्या मास्तरांकडे लॅपटॉपवर. मूळ वेव्ह फाइली दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, एक माझ्याकडे एक पुण्याला.

पुढचं काम. ६ डिसेंबरचा पेनड्राइव्ह मित्राला परवा द्यायचा. मग २० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी, १९५६ मध्ये अमरावतीजवळच बाबा गेले. बाबांच्या आवाजातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग आहे, त्यात बाबा विचारतात आणि लोक उत्तर देतात, ते गावात लावायचं तर प्रत्येक प्रश्नानंतर थोडी जागा सोडावी का, की जुन्याच लोकांची उत्तरं राहू द्यावी, यावर मंडळात बोलायचं आहे. मोर्शीवाल्या पाहुणीचा नंबर काकूंकडून घ्यायचा, वेचणी आटोपली की तिच्याकडे जायचं, जातं तिच्या घरी आहे का ते आधी विचारायचं.